आधी आई दाखवा

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, ‘पिल्लू घ्यायचं मनात असेल तर घेण्याआधी विचारा, आणल्यावर नको.’ त्यावर पत्रं आणि मेल भरपूर आले. निम्म्यांत एक फोटो, एक भाव आणि ‘घेऊ का?’ एवढाच मजकूर. फोटोवरून मला पिल्लाचा रंग कळतो, त्यापलीकडे काही नाही. ज्यांनी जरा सविस्तर लिहिलं त्यांतली काही पत्रं इथे घेतली आहेत. पूर्ण नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : मुलाच्या आठव्या वाढदिवसाला लॅब्रॅडॉर द्यायचं ठरवलंय. इन्स्टाग्रामवर एक जण मिळाला. पिल्लू ३५ दिवसांचं आहे, ‘डबल बोन, शो क्वालिटी’. विथ पेपर, म्हणजे कुळाच्या प्रमाणपत्रासह, एक भाव, विदाउट पेपर दुसरा. लहान असतानाच नेलं की लळा जास्त लागतो, असं तो म्हणतो. निम्मे पैसे आधी पाठवायचे, मग तो हायवेवरच्या हॉटेलपाशी पिल्लू आणून देणार. त्याला काय काय विचारू? — सौ. म. कु., नाशिक

उत्तर : पैसे पाठवले नसतील तर पाठवू नका. निम्मे पाठवले असतील तर उरलेले पाठवू नका.

तो माणूस लबाड आहे की नाही, हे मला सांगलीत बसून सांगता येणार नाही. पण पिल्लू जिथे जन्मलं ती जागा त्याला तुम्हाला दाखवायची नाही, एवढं तर उघड दिसतंय. हायवेवर पिल्लू देणाऱ्याला पहिला प्रश्न एकच विचारा: ‘आई कुठे आहे? येऊन बघू का?’ यावर जे उत्तर मिळेल त्यात तुमचे बाकीचे प्रश्न आपोआप निकालात निघतील.

आता ३५ दिवसांबद्दल. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांचे नियम केले. त्यानुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही, आणि विकणाऱ्या ब्रीडरची, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याची, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. म्हणजे तुमचा हा गृहस्थ भाव सांगतानाच नियम मोडून बसलाय. लळ्याची गोष्ट तर निव्वळ थाप. खरं कारण हिशोबाचं आहे. महिन्यानंतर पिल्लांचं आईच्या दुधावर भागत नाही. आठ-नऊ पिल्लांना दिवसातून चारदा खायला घालायचं, जंताचं औषध द्यायचं, पहिली लस टोचायची, आणि दिवसभर त्यांची घाण काढायची. पस्तिसाव्या दिवशी पिल्लू दिलं की हा सगळा खर्च आणि ताप तुमच्या गळ्यात. शिवाय त्या वयात पिल्लू सगळ्यात गोंडस दिसतं, त्यामुळे गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.

पिल्लाचं मात्र यात मोठं नुकसान होतं. पाचव्या ते आठव्या आठवड्यात ते भावंडांशी खेळताना चावायचं किती हे शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. आईही एकदा गुरगुरून समज देते. हा अभ्यास न झालेली पिल्लं चार महिन्यांची झाली की माझ्या टेबलावर येतात. सोबत मुलांचे ओरखडलेले हात असतात, आणि आईबाप विचारतात, ‘डॉक्टर, हा आक्रमक आहे का हो?’ तो आक्रमक नसतो, त्याला शिकवायच्या आधीच शाळेतून काढलेलं असतं.

वय खोटं सांगितल्याची शंका आली तर तोंड उघडून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे दुधाचे अठ्ठावीस दात जवळपास सगळे आलेले असतात. ‘दोन महिन्यांचं आहे’ म्हणत दिलेल्या पिल्लाच्या पुढे बारीक दात आणि मागे नुसत्या हिरड्या असतील तर ते महिन्याभराचं आहे. कोणताही पशुवैद्य हे अर्ध्या मिनिटात सांगेल.

दुसरा ब्रीडर शोधा आणि त्याच्याकडे स्वतः जा. पिल्लं बघायच्या आधी आई बघा. नुकती व्यालेली कुत्री काही सुंदर दिसत नाही. सड लोंबतात, अंगावरचे केस विरळ होतात, पाठीला जरा हाडं दिसतात. तेव्हा गुळगुळीत पोटाची, चकचकीत कोटाची ‘आई’ समोर आणून उभी केली तर ती दुसरीच कोणी आहे असं समजा. ‘आई गावाला पाठवलीय’ ही सबब तर मी इतक्यांदा ऐकलीय की सगळ्या कुत्र्या उन्हाळी सुट्टीला जातात की काय असं वाटावं. ‘आई अनोळखी माणसाला चावते, जवळ जाऊ नका’ असं सांगितलं तर माणूस कदाचित खरं बोलत असेल, पण मग तिचं पिल्लू आठ वर्षांच्या मुलाच्या घरात आणू नका. स्वभाव बराचसा आईकडून येतो, रक्तातूनही आणि संगतीतूनही. बाप तिथे नसला तर मात्र बिचकू नका. चांगले ब्रीडर स्वतःच्या घरातला नर सोडून दुसऱ्या गावच्या नराकडे मादी नेतात, ते योग्यच आहे. बापाचे कागद आणि फोटो त्यांच्याकडे असतात.

मग विचारा: आईचं वय किती, हे तिचं कितवं बाळंतपण, आधीचं कधी झालं? नियम सांगतात की मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षातून एकदाच घ्यायची, आयुष्यात पाचदाच, आणि आठ वर्षांनंतर मुळीच नाही. ज्याच्याकडे वर्षभर कधीही फोन करा, पिल्लं तयारच असतात, आणि लॅबपासून शिट्झूपर्यंत सगळ्या जाती मिळतात, तो ब्रीडर नव्हे. ते गोडाऊन आहे.

लॅबच्या बाबतीत खुब्याचा प्रश्न आवर्जून विचारा. या जातीत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष वंशातून उतरतो. तो तपासायचा तर आईबाप दोन वर्षांचे झाल्यावर एक्सरे काढावा लागतो. आपल्याकडे तो काढणारे फार थोडे आहेत, हे मी जाणते. म्हणून उत्तर कसं येतं तिकडे लक्ष द्या. ‘असलं काही नसतं हो मॅडम, आपल्या लाइनमध्ये प्रॉब्लेमच नाही’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. ‘एक्सरे नाही काढला, पण हिची आई अकरा वर्षांची आहे, ती बघा अंगणात चालतेय’ असं म्हणणाऱ्याकडे मी थांबेन आणि त्या म्हातारीला चालताना बघेन.

पेपरची गंमत वेगळीच आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे चेन्नईच्या केसीआयचं प्रमाणपत्र पिल्लाचं कूळ सांगतं. पिल्लू निरोगी आहे, आई सुखात आहे, यातलं काही ते सांगत नाही. प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, त्यामुळे ‘पेपर नंतर येतील’ हे कधीकधी खरंही असतं. पण आईबापाची प्रमाणपत्रं त्याच दिवशी दाखवता यायला हवीत. त्यावर कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर असतो. तो समोरच्या कुत्रीच्या चिपशी जुळतो का, हे स्कॅनर असलेला कोणताही दवाखाना सांगतो. एकाच पिल्लाचे ‘विथ’ आणि ‘विदाउट’ असे दोन भाव असतील तर तो पेपर कुठल्या कुत्रीचा आहे, हा प्रश्न पडायलाच हवा.

डबल बोन नावाचा काही प्रकार नसतो. जाड पायाचं गुबगुबीत पिल्लू दिसायला छान, पण लॅबला ते जादा वजन पुढे खुब्यावरच भारी पडतं.

लसीचं कार्ड उलटून बघा. त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, बॅच नंबर, तारीख आणि पशुवैद्याची सही नोंदणी क्रमांकासह हवी. पेनाने नुसतं ‘लस दिली’ असं लिहिलेलं कार्ड म्हणजे कोरा कागद. आणि ३५ दिवसांच्या पिल्लाची ‘सगळी इंजेक्शनं झालीत’ हे होऊच शकत नाही. आईच्या चिकातून आलेलं संरक्षण सहाव्या ते सोळाव्या आठवड्यात हळूहळू ओसरतं, आणि ते असेपर्यंत लसीला पुरतं काम करू देत नाही. म्हणूनच आपण सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस देत सोळाव्या आठवड्यापर्यंत जातो.

आणखी एक खूण. चांगला ब्रीडर तुम्हालाच प्रश्न विचारून भंडावतो. घरी दिवसभर कोण असतं? फ्लॅट भाड्याचा आहे का? आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं? पिल्लू परत करायची वेळ आली तर ते माझ्याकडेच आणायचं, असं लिहून घेतो. पुष्कळांना याचा राग येतो. ‘पैसे आम्ही देणार आणि मुलाखतही आमचीच?’ हो, तुमचीच. ज्याला पिल्लू कुठे जातंय याची फिकीर नाही, त्याला ते कुठून आलं याचीही नव्हती.

राहता राहिला वाढदिवस. फुगे, तीस मुलं, केक आणि मोठ्या आवाजातली गाणी, यात पिल्लाचा घरातला पहिला दिवस नको. वाढदिवसाला मुलाला गळपट्टा आणि खायचं ताट भेट द्या, पिल्लू नंतर योग्य वयाचं झालं की आणा. आणि एक हिशोब आत्ताच मांडून ठेवा. लॅब दहा-बारा वर्षं जगतो. तुमचा मुलगा तेव्हा कॉलेजात असेल, बहुधा दुसऱ्या गावी. म्हाताऱ्या लॅबला जिना उतरवून फिरायला नेणार आहात तुम्ही दोघं.

प्रश्न : एका दुकानातून पिल्लू आणलं. चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली, सलाइन लावली तरी सहाव्या दिवशी गेलं. डॉक्टरांनी पार्वो, म्हणजे विषाणूमुळे होणारा आतड्यांचा आजार, सांगितला. दुकानदार म्हणतो, लागण तुमच्या घरी झाली. आता तो निम्म्या किमतीत दुसरं देतो म्हणतोय. मुलगी रडतेय. घ्यावं का? — श्री. अ. दे., पिंपरी

उत्तर : नका घेऊ. मुलीचं रडणं मला कळतं, पण त्याच घरात, त्याच फरशीवर दुसरं अर्धवट लस झालेलं पिल्लू आणलं तर तिला हे सगळं पुन्हा बघावं लागण्याची भीती आहे.

पार्वोचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. चौथ्या दिवशी आजारी पडलेलं पिल्लू तो घेऊनच आलं असण्याची शक्यता जास्त. नुसत्या तारखांवरून शंभर टक्के सिद्ध होणार नाही, पण त्याच खेपेची बाकीची पिल्लं कशी आहेत हे दुकानदाराला विचारा, जमल्यास ती घेतलेल्या लोकांना गाठा. बिल, मेसेज, लसीचं कार्ड, डॉक्टरांचा तपासणीचा कागद, काही टाकून देऊ नका. बिल असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. प्राणी विकणाऱ्या दुकानांनाही २०१८ च्या नियमांखाली राज्य मंडळाची नोंदणी लागते. नोंदणीचा दाखला दुकानात लावलेला होता का, हेही तक्रारीत लिहा.

आता घर. फिनाइलने पार्वो मरत नाही, आणि आपण भारतीय फिनाइलवर भलताच विश्वास टाकतो. कपड्यांसाठी मिळणारं साधं ब्लीच घ्या, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी. फरशी आधी साबणाने धुऊन मग हे पाणी ओता, आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. वापरलेलं अंथरूण आणि लाकडी पाट जाळून टाका. कुंड्यांची आणि अंगणातली माती धुता येत नाही आणि तिथे हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे निदान वर्षभर घरात लहान पिल्लू नको. पूर्ण लस झालेलं मोठं कुत्रं मात्र आणता येईल. मुलीला तेवढं सांगा.

प्रश्न : माझी कारवानी (शिकारी जातीची) मादी दहा महिन्यांची आहे, पहिल्यांदाच माजावर आलीय. मित्राकडे तिचाच सख्खा भाऊ आहे. जाणकार म्हणतात, भावाशी लावली तर रक्त शुद्ध राहील. पुण्यामुंबईच्या तिघांनी पिल्लं आत्ताच बुक केलीत. खायला काय वाढवू? — ब. पा., ता. जत

उत्तर : पाटील, खायला नंतर बघू. आधी तिला पंधरा-वीस दिवस बांधून, कडीकोयंड्यात सांभाळा.

दहा महिन्यांची मादी अजून स्वतःच वाढतेय. तिची हाडं भरायची आहेत आणि तुम्ही तिच्या पोटात सात-आठ पिल्लांचा सांगाडा घडवायला निघालात. गाभण राहिली तर साठ-पासष्ट दिवसांत व्यायची, म्हणजे जेमतेम वर्षाची होतानाच आई. दीड वर्षाच्या आत पिल्लं घ्यायची नाहीत हा नियम वर सांगितलाच आहे. तो तुम्हालाही लागू आहे, कारण पिल्लं विकणार म्हणजे तुम्ही ब्रीडर झालात आणि मंडळाची नोंदणी घेणं आलं. घरची एकच कुत्री आहे म्हणून सुटका नाही. हा माज जाऊ द्या. पुढचा येईल तेव्हा वय बघा, पशुवैद्याकडून तपासून घ्या, मग ठरवा.

भावाचा विषय तर सोडूनच द्या. सख्ख्या भावंडांच्या पिल्लांत दोन्हीकडचे लपलेले दोष एकत्र येतात. पिल्लं कमी होतात, मरतुकडी होतात. वरून देखणी दिसली तरी तिसऱ्या पिढीत घराणं बसतं. आपल्या भागात चांगला परका नर मिळत नसेल तर जतहून मुधोळ काही लांब नाही. तिथे तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, ते हीच जात जोपासतं. तिथे जाऊन विचारा. मुधोळच्या घोरपडे राजांनी याच कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली होती, आणि २००५ मध्ये टपाल खात्याने या जातीचं तिकीट काढलं. केसीआयकडे नोंद करणार असाल तर तिथे जातीचं नाव कॅराव्हॅन हाउंड असं लिहितात.

या जातीचं नाव गाजल्यापासून शहरातले लोक बुकिंग करायला लागलेत, आणि मला काळजी त्यांचीच जास्त वाटते. बुक केलेल्या तिघांना फोन लावा आणि विचारा, रोज मोकळं पळायला जागा कुठे आहे? कारवानीच्या शेवटच्या बरगड्या आणि कंबरेची हाडं दिसतात, ती तब्येत चांगली असल्याची खूण आहे. शहरातला माणूस ती बघून घाबरतो, तूप-भात घालून तिला फुगवतो आणि मग गुडघ्याच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात येतो. अंगात चरबी कमी म्हणून भुलीचं औषधही या कुत्र्यांना जपून द्यावं लागतं, हे पिल्लू देताना कागदावर लिहून द्या. कोणी सशामागे सोडायला पिल्लू मागत असेल तर देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, आणि हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहितेय.

प्रश्न : वय ६६, निवृत्त. आम्ही दोघंच, चौथ्या मजल्यावर वन बीएचके. नातीला हस्की आवडतो, मला स्वतःला पग बरा वाटतो. कोणता निवडावा? — श्री. वि. जो., डोंबिवली

उत्तर : काका, दोन्ही नको.

हस्कीच्या अंगावर सायबेरियाच्या थंडीसाठी दुहेरी कोट आहे, आणि पायांत मैलोन्‌मैल बर्फावरची गाडी ओढायची ताकद. एसी लावून ठेवू म्हणाल, पण वीज गेली की काय? आणि त्याने एकदा जोरात हिसका दिला तर तुमचं मनगट जाईल. पगचं दुखणं वेगळं. कुत्रं धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतं. पगचं नाक चेपलेलं, नाकपुड्या अरुंद, टाळू लांबलेली, त्यामुळे त्याला धापही नीट टाकता येत नाही. त्याचं घोरणं लोकांना गोड वाटतं, मला त्यात कोंडलेला श्वास ऐकू येतो. डोंबिवलीच्या मे महिन्यात दुपारी लिफ्ट बंद आणि चार मजले चढायचे, असा प्रसंग डोळ्यांपुढे आणा.

तुम्हाला मुळात पिल्लूच नको. रात्रीचं उठणं, दर दोन तासांनी पुसणं, चावलेल्या चपला, हे सगळं कशाला? तीन-चार वर्षांचं, नसबंदी झालेलं, शांत देशी कुत्रं एखाद्या निवाऱ्यातून घ्या. त्याचा स्वभाव घडून गेलेला असतो, त्यामुळे जे दिसतं तेच मिळतं. दोन-तीनदा भेटायला जा, एकदा नातीलाही घेऊन जा. आणि तुम्ही दोघं आजारी पडलात तर त्याला कोण सांभाळेल, ते नाव आधी ठरवून मुलाला कळवून ठेवा.

सोसायटीने हरकत घेतली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सेक्रेटरींना दाखवा. सोसायटीला कुत्रं पाळायला सरसकट बंदी करता येत नाही. घाण उचलण्याची जबाबदारी मात्र तुमची.

प्रश्न : येत्या रविवारी नऊ आठवड्यांचं बीगल घरी येतंय. ऑनलाइन यादी बघून डोकं गरगरलं. नक्की काय आणू? आणि सासूबाई म्हणतात, स्वयंपाकघरात आणि देवापाशी यायला नको. — सौ. र. शि., ठाणे

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. बीगल हे चार पायांवरचं नाक आहे. ते स्वयंपाकघरात शिरलं की डब्यापासून कचऱ्यापर्यंत काही सोडणार नाही. सुताराकडून दाराला गुडघ्याच्या वर येईल असं फळ्यांचं छोटं फाटक करून घ्या. पहिल्या दिवसापासून आत यायचं नाही म्हणजे नाही. आज कौतुकाने घेतलं आणि महिन्याने हाकललं, असं त्याला समजत नाही.

यादीतलं निम्मं बाद करा. बूट, स्वेटर, परफ्यूम, कुत्र्यांची बिस्किटं, चांदीचा बिल्ला, काही नको. दोन जड स्टीलची भांडी, हलका पट्टा आणि साखळीऐवजी कापडी दोरी, चावायला रबरी खेळणं, आणि त्याच्या नावाचा, तुमच्या फोन नंबरचा साधा बिल्ला. सगळ्यात उपयोगी वस्तू कोणी सांगत नाही: जुनी सतरंजी. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे पाय चारी बाजूंना घसरतात आणि वाढत्या सांध्यांवर ताण येतो. त्याच्या वावराच्या वाटेवर सतरंज्या टाका. बाल्कनीच्या गजांतून त्याचं डोकं जात असेल तर जाळी लावा. चार्जरच्या वायरी वर घ्या. उंदराचं औषध घरात कुठेही असेल तर ते आजच बाहेर काढा.

ब्रीडर जे खाऊ घालत होता तेच आठवडाभर घाला. बदलायचं असेल तर थोडं थोडं मिसळत बदला. या वयात दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. दूध-पोळी ही आपली आवडती चूक आहे. पुष्कळ पिल्लांना दूध पचत नाही, आणि जुलाब लागले की पार्वोच्या भीतीने सगळ्यांची झोप उडते. चॉकलेट, कांदा, द्राक्षं आणि बेदाणे बंद. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा. येणाऱ्या-जाणाऱ्या मंडळींना हे दारातच सांगा, कारण ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणणारी एक मावशी प्रत्येक घरात असते. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा दुखण्याची गोळी देऊ नका. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट.

आणलं त्याच आठवड्यात पशुवैद्याला दाखवा. लसीचा पुढचा डोस, जंताचं औषध, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. ती कायद्यासाठी, महापालिकेच्या परवान्यासाठी आणि तुमच्या स्वतःसाठी हवीच. सोळाव्या आठवड्यानंतरचा डोस होईपर्यंत त्याला सोसायटीच्या बागेत जमिनीवर सोडू नका. पण घरातच कोंडूनही ठेवू नका, कारण जगाची भीती घालवायचं वय साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंतच असतं. कडेवर घेऊन खाली जा. रिक्षा, कुकरची शिट्टी, वॉचमनची काठी, शाळेची मुलं, बँजो पार्टी, सगळं लांबून दाखवा आणि ऐकवा. ठाण्यात त्यासाठी वेगळं कुठे जावं लागत नाही.

शी-शूची जागा एक ठरवा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच तिथे न्या. जमलं की तिथेच शाबासकी. चुकलं तर नाक घासणं, वर्तमानपत्राने मारणं बंद. त्याने पिल्लू फक्त लपून करायला शिकतं, सोफ्यामागे. पावसाळ्यात ते बाहेर जायला लागलं की दर संध्याकाळी कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. आपल्याकडे गोचीडतापाने कुत्री भरपूर आजारी पडतात.

प्रश्न : आमचं पिल्लू रात्रभर रडतं. बाबा म्हणतात रडू दे, सवय लागेल. मला वाईट वाटतं. मी त्याला माझ्याजवळ घेऊन झोपू का? — ई., इयत्ता सहावी, कराड

उत्तर : ते परवापर्यंत भावंडांच्या ढिगात झोपत होतं, आता एकटं आहे, म्हणून रडतं. त्याचं खोकं रात्री तुझ्या पलंगाशेजारी जमिनीवर ठेव. रडलं की हात खाली सोड, नुसता वास आला तरी पुष्कळदा गप्प होईल. गप्प नाही झालं तर त्याला शू लागली असेल. बाबांना उठव, दोघं मिळून बाहेर न्या, दिवे फार लावू नका, खेळू नका, लगेच परत. पलंगावर मात्र घेऊ नकोस, एवढ्या उंचीवरून पडलं तर पाय मोडतो. ते ज्या घरातून आणलं तिथून आईच्या अंगाखालचं एखादं फडकं मिळालं तर खोक्यात घाल, आणि ते धुऊ नकोस. चार-पाच रात्रींत फरक पडेल. आठवड्यानंतरही तसंच रडत राहिलं, किंवा दिवसा खात नसेल, सुस्त असेल, तर पत्र लिहीत बसू नको, लगेच तुमच्या डॉक्टरांना दाखव.